कोमट पाण्यात बसण्याआधी

फिशर (गुदद्वाराला पडलेली चीर) किंवा मूळव्याध झाली की डॉक्टर सांगतात, "दिवसातून दोन-तीन वेळा कोमट पाण्यात बसा." घरी आल्यावर मात्र कशात बसायचं, पाणी किती घ्यायचं, ते किती गरम हवं, हे कुणालाच धड ठाऊक नसतं, आणि दुखणं असं की चारचौघांत विचारवत नाही. बाबांच्या वेळी आम्ही हे चुकतमाकत शिकलो, म्हणून सगळी तयारी लिहून ठेवते आहे.

आधी टब. घरात कमोड असेल तर त्यावर बसणारा प्लास्टिकचा सिट्झ बाथ टब औषधाच्या दुकानात मागा. गुडघे दुखणाऱ्यांना हाच बरा, कारण खाली बसणं-उठणं वाचतं. कमोड नसेल तर बूड नीट टेकेल आणि पाय बाहेर राहतील असा पसरट, जाड टब घ्या. घमेल्याची कड टोचते आणि ते कलंडतं, म्हणून ते नको. या टबात कपडे भिजवायचे नाहीत. वापर झाला की दर वेळी साबणाने घासून, खळखळून धुऊन वाळवायचा.

पाण्याकडे सगळ्यात जास्त लक्ष द्या. ३८ ते ४० अंश सेल्सिअस पुरे. या उबेने गुदद्वाराचा आवळलेला स्नायू सैल पडतो आणि ठणका कमी होतो. जास्त कढत पाण्याने जास्त गुण येत नाही, कातडी मात्र पोळते. तापाचा थर्मामीटर इथे उपयोगाचा नाही, पाणी जास्त गरम झालं तर त्याची पट्टीच संपते. कोपर बुडवून बघा. स्वयंपाकाने निबरलेल्या हातांना चटका उशिरा कळतो. मधुमेहामुळे ज्यांची संवेदना कमी झाली आहे, त्यांचं पाणी दुसऱ्याने तपासायचं. टबात आधी गार पाणी, मग गरम. हीटिंग रॉड वापरत असाल तर पिन काढल्याशिवाय पाण्यात बोटसुद्धा घालू नका. बसल्यावर दुखरा भाग बुडेल इतकं पाणी पुरतं. ते निवलं तर निवू द्या, माणूस बसलेला असताना वरून कढत पाणी ओतू नका.

पाण्यात काय घालायचं, हे शेजारीपाजारी प्रत्येक जण वेगळं सांगेल. काही घालू नका. डेटॉल झोंबतं. पोटॅशियम परमँगनेटचे जांभळे खडे डॉक्टरांनी सांगितले असतील तरच, आणि पूर्ण विरघळवून. न विरघळलेला खडा कातडी जाळतो.

निसर्गोपचारात जर्मनीच्या लुई कूने यांच्या पद्धतीचं जे कटिस्नान, म्हणजे कंबर बुडवून बसायचं स्नान आहे, ते गार पाण्याचं, ओटीपोट चोळत घ्यायचं. त्याचे नियम निराळे आहेत, ते इथे लावू नका.

शौचानंतर लगेच बसलं की सगळ्यात आराम पडतो. दहा-पंधरा मिनिटं पुरे. हाताशी घड्याळ, प्यायचं पाणी आणि मऊ सुती पंचा हवा. अंग घासून नाही, टिपून कोरडं करायचं. गरोदर असाल किंवा नुकतं ऑपरेशन झालं असेल तर आधी डॉक्टरांना विचारा. ताप आला, पू दिसला, रक्त थांबेना, तर टब बाजूला ठेवून दवाखाना गाठा.

उठण्याचीही तयारी लागते. गरम पाण्यात रक्तवाहिन्या रुंदावतात, एकदम उभं राहिलं की रक्तदाब उतरतो. तिसऱ्या दिवशी बाबा उठले आणि त्यांना घेरी आली. आतून कडी होती. ती काढेपर्यंतचं एक मिनिट मला अजून आठवतं. तेव्हापासून पायाखाली न सरकणारं पायपुसणं, हाताशी जड लाकडी खुर्ची आणि बाहेर कुणीतरी, एवढं झाल्याशिवाय आम्ही पाणी काढत नाही. दार नुसतं लोटून घ्यायचं.