मार्सेलस शेल आणि माझा फसलेला टीमॅक्स

मी साताऱ्याकडची. काळा दगड म्हणजे बेसाल्ट, एवढंच लहानपणापासून ठाऊक. पंकाश्म शाळेत 'वालुकाश्म, चुनखडक, पंकाश्म' असं घोकलेलं, पाहिलं कधीच नव्हतं. एमएस्सीनंतर पेनसिल्व्हेनियात शिकायला गेले तेव्हा मार्सेलस शेल (शेल म्हणजेच पंकाश्म) हातात आला. काळाच, पण हातोडा बसला की पापुद्रे सुटणारा.

हा खडक सुमारे ३९ कोटी वर्षांपूर्वीच्या समुद्राचा गाळ. पाण्यातले सूक्ष्म जीव मरून तळाशी जात. तिथे प्राणवायू जेमतेम, त्यामुळे ते पुरते कुजलेच नाहीत, बारीक चिखलात गाडले गेले. पूर्वेच्या डोंगरांची झीज वर साचत राहिली, थर खोल जाऊन तापले आणि अवशेषांचं केरोजेन, म्हणजे तेल-वायूचा घन कच्चा माल, झालं. साधारण ६० ते १२० अंश सेल्सिअसला त्यातून तेल सुटतं. त्याहून तापलं की उरलेलं केरोजेन आणि आत अडकलेलं तेलही फुटून मिथेन होतो. खडक इतका घट्ट की बराच वायू तिथेच कोंडून राहिला.

हे सगळं पाठ असूनही मी आपटले. रॉक-इव्हल यंत्रात खडकाची चिमूटभर पूड तापवतात. उरलेल्या केरोजेनमधून जे निघतं ते एस-टू, आणि ते सर्वाधिक निघतं ते तापमान टीमॅक्स. माझ्या नमुन्यांचा एस-टू जवळजवळ शून्य. मी बिनधास्त लिहिलं, 'खडकात दम नाही', आणि टीमॅक्सवरून परिपक्वताही, म्हणजे खडक किती तापून 'शिजला' तेही, ठरवून टाकली. प्रयोगशाळेतला नागपूरचा सीनियर हसला. "अगं, भात शिजून लोक जेवून गेले, आणि तू पातेल्यात तांदूळ शोधतेस?" म्हणजे केरोजेन कधीच तेल-वायू होऊन संपलं होतं.

तेव्हा नव्यांनी एवढं करा: एस-टू खडकाच्या ग्रॅममागे ०.२ मिलिग्रॅमच्या खाली असेल तर टीमॅक्स धरू नका. त्याऐवजी सूक्ष्मदर्शकाखाली घन बिट्युमेनची (खडकात उरलेल्या डांबरासारख्या पदार्थाची) परावर्तकता, म्हणजे तो किती प्रकाश परत फेकतो ते, मोजा. कंटाळवाणं काम आहे, डोळे दुखतात. पदवीला सेंद्रिय रसायनशास्त्र टाळलं असेल (मी टाळलं होतं), तर येण्याआधी भरून काढा.

नोकरीचं म्हणाल तर वायूचे भाव पडले की भरती थांबते. पण कोअर (खोल भोक पाडून काढलेला खडकाचा दंडगोल) वाचता येणारा माणूस कार्बन डायऑक्साइड जमिनीत साठवण्याच्या कामालाही लागतो. मी सध्या तिकडेच आहे. तिथे हाच घट्ट शेल, तो वायू आत कोंडून ठेवणारं झाकण म्हणून तपासायचा असतो.