चौथ्या लेव्हलला काय घ्यायचं? लढाईचा अपग्रेड तोलून कसा निवडायचा

आमचा डी अँड डीचा, म्हणजे डंजन्स अँड ड्रॅगन्स या फाशांच्या रोल-प्लेइंग गेमचा, खेळ दर रविवारी दुपारी दादरला मावशीकडे असतो, आणि रविवार म्हणजे मेगाब्लॉक, त्यामुळे ठाण्याहून येणारे दोघं वेळेवर पोचत नाहीत, तेवढा अर्धा-पाऊण तास आम्ही बाकीचे चहा घेत कॅरेक्टर शीट, म्हणजे आपापल्या पात्राच्या आकड्यांचा कागद, उघडून बसतो आणि कोणाची लेव्हल वाढली असेल तर एकच विषय निघतो, आता काय घेऊ? स्ट्रेंग्थ (ताकदीचा आकडा) २ने वाढवू की एखादं फीट (खास कसब) घेऊ? माझा फायटर (लढवय्या पात्र) चौथ्या लेव्हलला गेला तेव्हा मी नेटवर वाचून ग्रेट वेपन मास्टर हे फीट घेतलं आणि पुढचे तीन रविवार समोर चिलखतवाले नाइटच आले, तलवार फिरवली की चुकली, फिरवली की चुकली. फीट चांगलंच आहे, मी आमच्या टेबलावर काय चाललंय ते न बघता घेतलं ही चूक. तेव्हापासून मी ज्या पद्धतीने तोलतो ती इथे लिहितोय, पेन, कागद आणि थोडी बेरीज-गुणाकार एवढंच लागतं.

१. आधी विचारा, नियम कुठले?

डीएमला (खेळ चालवणाऱ्याला, शत्रू तोच आणतो) सरळ विचारा की आपण २०१४चे नियम खेळतोय की २०२४चे. हे फार महत्त्वाचं आहे कारण नेटवरचे निम्मे सल्ले जुन्या नियमांवरचे आहेत. २०१४च्या ग्रेट वेपन मास्टरमध्ये जड शस्त्र मारताना आधीच ठरवून टू-हिटमधून (वार लागतो का बघताना २० बाजूंच्या फाशात मिळवायचा आकडा) ५ कमी करायचे आणि लागलं तर डॅमेज (शत्रूला होणारी इजा) १० जास्त. २०२४मध्ये ते उणे ५ आणि अधिक १० गेलं, त्याऐवजी प्रोफिशिअन्सी बोनस (लेव्हलबरोबर वाढणारा सरावाचा आकडा) डॅमेजमध्ये मिळतो आणि वर स्ट्रेंग्थ १ने वाढते. नाव तेच, हिशोब पूर्ण वेगळा. आमचं टेबल २०१४वर आहे म्हणून खालचे आकडे त्याचे. बहुतेक क्लासना (पात्रांच्या प्रकारांना) अशी निवड ४, ८, १२, १६ आणि १९ या लेव्हलला मिळते, फायटरला ६ आणि १४ला जास्तीची, रोगला (Rogue, चोरटा क्लास) १०व्याला एक जास्तीची. म्हणजे पूर्ण कॅम्पेनमध्ये (सुरुवातीपासून शेवटपर्यंतच्या गोष्टीत) मोजून पाच ते सात वेळा ही संधी येते, आणि बरीच कॅम्पेन १०व्या लेव्हलपर्यंत पण जात नाहीत, तेव्हा घाई करू नका.

२. मागच्या तीन सेशनची नोंद काढा

हे कोणी करत नाही आणि सगळ्यात जास्त उपयोग ह्याचाच होतो. लढाई चालू असताना शीटच्या मागे चार गोष्टींच्या रेघा मारत जा. किती वार केले आणि किती लागले. बोनस अ‍ॅक्शन (आपल्या पाळीतली जास्तीची छोटी कृती) किती वेळा रिकामी गेली. हिट पॉइंट, म्हणजे जीव, शून्यावर येऊन किती वेळा पडलात. जादूवाले असाल तर कॉन्सन्ट्रेशन (जादू चालू ठेवायला लागणारं लक्ष) किती वेळा तुटलं. शत्रूचा एसी (वार लागायला फासा आणि टू-हिट मिळून गाठायचा आकडा) डीएम सांगत नाही पण १७ लागला आणि १६ चुकला तर एसी १७, हे दोन राउंडमध्ये कळतं, तोही लिहून ठेवा. या कागदावर तुमचं दुखणं दिसतं. वार लागतायत पण शत्रू मरत नाही, की वारच लागत नाहीत, की वार करायला तुम्ही उभेच नसता, ही तिन्ही वेगळी दुखणी आहेत आणि तिन्हीला एकच औषध चालत नाही.

३. सम-विषम बघा

दोन मिनिटांचं काम. स्ट्रेंग्थसारख्या आकड्याचा बोनस सम आकड्यालाच वाढतो, १६ला +३, १७लाही +३, १८ला +४. तुमची स्ट्रेंग्थ १७ असेल तर ज्या फीटबरोबर +१ मिळतो तसं फीट घ्या, बोनसही वाढेल आणि फीटही मिळेल. १६ असेल तर हा रस्ता नाही, पुढे चला.

४. आता खरा हिशोब, तीन शत्रू समोर ठेवून

चौथ्या लेव्हलचा फायटर, स्ट्रेंग्थ १६चा बोनस ३, प्रोफिशिअन्सी २, म्हणजे टू-हिट +५. ग्रेटसोर्डचे दोन सहा-बाजूंचे फासे, सरासरी ७, अधिक ३, म्हणजे लागलेल्या वाराला १०. सूत्र एवढंच, लागायची शक्यता गुणिले सरासरी डॅमेज. क्रिटिकलचं (फाशावर २० पडला की लागतो तो) डॅमेज मी सोडून देतो कारण फासे दुप्पट होतात पण +१० होत नाही, त्यामुळे दोन्हीकडे सारखीच भर पडते.

पहिला ओगर, एसी ११, हिट पॉइंट ५९. स्ट्रेंग्थ १८ केली तर टू-हिट +६, फाशावर ५ पुरतो, ८० टक्के, गुणिले ११, म्हणजे वाराला ८.८. ग्रेट वेपन मास्टरने उणे ५ घेतलं तर टू-हिट शून्य, ११ लागतो, ५० टक्के, गुणिले २०, बरोबर १०. फीट पुढे.

दुसरा नाइट, एसी १८. स्ट्रेंग्थ १८ने ४५ टक्के गुणिले ११, जवळपास ५. उणे ५ घेऊन १५ टक्के गुणिले २०, फक्त ३. उणे ५ न घेता साधा वार केला तरी ४० टक्के गुणिले १०, म्हणजे ४. स्ट्रेंग्थ स्पष्ट पुढे, आणि माझे ते तीन रविवार का वाया गेले ते इथे दिसतं.

तिसरा गॉब्लिन, आणि इथे जरा थांबा कारण इथे सगळेच फसतात. एसी १५, हिट पॉइंट फक्त ७. माझा साधा लागलेला वार त्याला दहातल्या नऊ वेळा मारतोच, तेव्हा वरचे १० डॅमेज वाया जातात, मेलेल्याला काय मारणार. म्हणजे स्ट्रेंग्थ घ्यावी असं वाटतं ना? पण फीटचा दुसरा भाग आहे, क्रिटिकल लागला किंवा शत्रू शून्यावर गेला की बोनस अ‍ॅक्शनने अजून एक वार. उणे ५ अजिबात न घेता खेळलात तर पहिल्या वाराने गॉब्लिन मरायची शक्यता साधारण निम्मी, आणि मेला तर शेजारच्यावर लगेच दुसरा वार, त्याचीही निम्मी, म्हणजे एका टर्नला सरासरी पाऊण गॉब्लिन. स्ट्रेंग्थ १८ने ०.६च्या खाली राहता. अट एकच, दुसरा गॉब्लिन हाताच्या टप्प्यात हवा, ते दूर उभे राहून बाण मारत असतील तर हे सगळं गेलं.

तेव्हा फीट मोठं का स्ट्रेंग्थ मोठी हा प्रश्नच अर्धा आहे, तुमचा डीएम काय आणतो ते त्याच्यात घातल्याशिवाय उत्तर येत नाही, आणि ते दुसऱ्या पायरीतल्या कागदावर आधीच लिहिलेलं असतं.

५. शेजारच्याची शीट पण बघा

मला सगळ्यात जास्त सांगायचंय ते हे. माझी मावसबहीण क्लेरिक (देवाची जादू करणारी) खेळते, तिच्याकडे ब्लेस ही जादू आहे, तिघांना प्रत्येक वारावर चार-बाजूंचा फासा जास्तीचा, सरासरी २.५, म्हणजे लागायची शक्यता १२.५ टक्क्यांनी वर. एसी १५च्या, जरा दमदार शत्रूवर ब्लेसशिवाय स्ट्रेंग्थ १८चे ६.६ येतात आणि उणे ५वाल्या वाराचे ६, स्ट्रेंग्थ पुढे. ब्लेस असताना स्ट्रेंग्थचे साधारण ८ आणि फीटचे ८.५, उलटलं सगळं. म्हणजे माझं फीट चालतं की नाही ते तिचं ब्लेस टिकतं की नाही यावर ठरतं.

आणि ते टिकत नव्हतं, कारण ब्लेसला कॉन्सन्ट्रेशन लागतं आणि ती पुढे उभी राहून मार खात होती. मार बसला की सेव्ह (बचावाचा फासा), १० किंवा डॅमेजच्या निम्मं, जे जास्त ते गाठायचं. तिचं कॉन्स्टिट्यूशन (काटकपणाचा आकडा) १४, बोनस +२, १० गाठायची शक्यता ६५ टक्के, म्हणजे दर तीन फटक्यांत एकदा जातं. वॉर कास्टर हे फीट घेतलं तर त्या सेव्हला अ‍ॅडव्हांटेज, दोन फासे टाकून मोठा घ्यायचा, शक्यता जवळपास ८८ टक्के. ती त्या वेळी विझडम (तिच्या जादूचा आकडा) वाढवायला निघाली होती, आम्ही दोघांनी मावशीच्या डायनिंग टेबलावर हा हिशोब मांडला आणि तिने वॉर कास्टर घेतलं. माझ्या तलवारीला त्या महिन्यात मिळालेला सगळ्यात चांगला अपग्रेड तिच्या शीटवर होता!

तसंच कोणी बार्बेरियन असेल तर रेकलेस अटॅकने तो स्वतःला अ‍ॅडव्हांटेज देतो, त्याला उणे ५चा वार फार झेपतो. एसी १५वर ३० टक्क्यांचे ५१ होतात.

६. बचाव

शून्यावर वारंवार पडत असाल तर डॅमेजचा विचार नंतर. टफ फीटने दर लेव्हलला २ हिट पॉइंट, कॉन्स्टिट्यूशन २ने वाढवलं तर दर लेव्हलला १ पण सेव्हही सुधारते. एसीबद्दल मात्र एक गोष्ट लक्षात ठेवा, तो आधीच जास्त असेल तर अजून वाढवणं जास्त किमतीचं होतं. शत्रूचा टू-हिट +५ धरा, एसी १६चा १७ केला तर त्याचे लागणारे वार ५०चे ४५ टक्के होतात, दहातला एक कमी. २०चा २१ केला तर ३०चे २५, म्हणजे सहातला एक कमी. म्हणून ढालवाल्या पॅलेडिनने एसी घ्यावा आणि पातळ चामड्याच्या रोगने मागे उभं राहायला शिकावं.

७. बोनस अ‍ॅक्शन रिकामी आहे का

पोलआर्म मास्टर बोनस अ‍ॅक्शनला जास्तीचा वार देतं, मस्त आहे, पण तुमची बोनस अ‍ॅक्शन आधीच दुसऱ्या कामात जात असेल तर त्या टर्नला तो वार मिळणार नाही. कागदावरची ती रेघ बघा.

८. पुढची लेव्हल

फायटर, बार्बेरियन, पॅलेडिन, रेंजर, मंक यांना पाचव्या लेव्हलला एक्स्ट्रा अटॅक मिळतो, म्हणजे वार दुप्पट, तेवढं मोठं एकही फीट नाही. मध्येच मल्टिक्लास केलं (दुसऱ्या क्लासच्या लेव्हल घेतल्या) तर तो लांबतो, आणि हे अपग्रेडही एकूण लेव्हलवर येत नाहीत, त्या-त्या क्लासच्या लेव्हलवर येतात. आमच्यातल्या एकाने फायटर ३ आणि रोग २ केलं आणि पाचव्या लेव्हलला त्याच्याकडे ना फीट होतं ना दुसरा वार, बिचारा खूप हिरमुसला होता. करायचंच असेल तर पाचवी लेव्हल घेऊन मग करा.

शेवटी जे निवडाल ते घेण्याआधी डीएमशी बोला, दोन सेशन खेळून बघतो आणि जमलं नाही तर बदलतो असं आधीच विचारून ठेवा. आमचा डीएम हो म्हणाला होता, पण मी काही ग्रेट वेपन मास्टर बदललं नाही, कारण तोपर्यंत तिचं ब्लेस टिकायला लागलं होतं आणि नाइट संपून आम्ही ओगरांच्या डोंगरात शिरलो होतो.