मासाच्चोची मॅडोना काढताय? या चुका टाळा

एग टेम्पेरा, म्हणजे अंड्याच्या बलकात रंग कालवून चित्र काढणं, शिकायला आलेल्यांपैकी बहुतेकांना पहिल्याच महिन्यात इटालियन चित्रकार मासाच्चोची मॅडोना, म्हणजे बाळ येशूला घेतलेली मेरी, काढायची असते. १४२६ मध्ये पिसाच्या कार्मिने चर्चसाठी रंगवलेली, आता लंडनच्या नॅशनल गॅलरीत आहे ती. मांडीवरचं बाळ द्राक्षं खाऊन बोटं चोखतंय. काढा की! पण आधी ज्यावर रंगवायचं ती लाकडी फळी तयार करायला शिका.

बाटलीतला अ‍ॅक्रिलिक गेसो, म्हणजे अस्तराचा तयार पांढरा लेप, फासून मोकळं होणं ही सगळ्यात मोठी चूक, आणि ती मी स्वतः केलीय. सरस भिजवा, गरम करा, खडूची पूड चाळा, आठ-दहा हात द्या, कोण करत बसणार? चार आठवडे खपून चित्र पुरं केलं. एका सकाळी धूळ पुसायला गेले आणि मातेच्या गालाचा पापुद्रा फडक्याला चिकटून आला. खाली गुळगुळीत, प्लॅस्टिकसारखा पांढरा डाग. बलकातला रंग अस्तरात मुरावा लागतो. माझा नुसता वर बसला होता. आता फक्त सरस आणि खडू. सरस उकळू देत नाही, त्याचा चिकटपणा जातो. शेवटी फळीवर पाण्याचा थेंब टेकवून बघते. शोषला नाही, तर रंगाला हात लावत नाही.

दुसरं दुखणं हिरव्याचं. ‘चेहऱ्याला हिरवा कशाला?’ म्हणत ती पायरी गाळतात, थेट गुलाबी लावतात आणि मातेची बाहुली होते. इटालियन चित्रकार चेन्निनो चेन्निनीने १४०० च्या सुमारास लिहून ठेवलंय: आधी हिरव्या मातीच्या रंगाचा थर, त्यावर त्वचेचे रंग. जुन्या चित्रांतला वरचा थर झिजला की चेहरे हिरवट दिसतात, ते यामुळेच. तरुण चेहऱ्याला शहरातल्या कोंबडीचं अंडं घ्या, त्याचा बलक फिका असतो, इतक्या बारकाव्यात तो शिरतो. आणि आपल्याला एक थर जड होतो!

अख्खं अंडं फेटू नका. बलक चिमटीत उचलून टोचा, पातळ पिशवी फेकून द्या.

सोन्याचा वर्ख आधी, रंग नंतर. वर्ख लावताना पंखा बंद.

रंग ब्रशने घोळवत बसू नका, बघता बघता वाळतो. बारीक रेघा ओढा.

आणि प्रभावळीला कंपास घेण्याआधी मूळ चित्र नीट बघा. मातेची गोल आहे, बाळाची मात्र तिरकी, लंबगोल. एकाने दोन्ही गोल काढल्या, वर्ख लावून अकीकाने घोटून चकचकीत करून आणल्या. बाळाची घासून काढायला लावली.