लॉगिन होते, पण फोल्डर उघडत नाही: फायरवॉलमागून एफटीपी वापरताना या चुका टाळा

लॉगिन यशस्वी झाले, पासवर्ड बरोबर निघाला आणि फाइलींची यादी येण्याच्या वेळी सगळे अडकले, की 'सर्व्हर बंद आहे' किंवा 'इंटरनेट स्लो आहे' असे निदान करून लोक मोकळे होतात. ही दोन्ही निदाने बहुधा चुकीची असतात. एफटीपी म्हणजे सर्व्हरवर फाइली चढवण्या-उतरवण्याची पद्धत, आणि तिला दोन जोडण्या लागतात. २१ क्रमांकाच्या पोर्टवरून, म्हणजे संगणकाच्या त्या क्रमांकाच्या दरवाजातून, फक्त आज्ञा आणि उत्तरे जातात. यादी मागवायची असो वा फाइल पाठवायची, त्यासाठी दर वेळी वेगळ्या पोर्टवर नवी जोडणी उघडावी लागते. १९८५ सालच्या मानकापासून हे असेच चालत आले आहे. त्यामुळे लॉगिन झाले याचा अर्थ एवढाच, की पहिला दरवाजा उघडा आहे.

दुसरी चूक म्हणजे 'फायरवॉल, म्हणजे नको त्या जोडण्या अडवणारा पहारा, बंद करून बघू'. हा सल्ला देणाऱ्यांचा मला मनापासून कंटाळा आहे, कारण तात्पुरती म्हणून बंद केलेली फायरवॉल पुन्हा चालू करायला सहसा कोणी फिरकत नाही, आणि बहुतेक वेळा दोष तिच्यात नसतोच.

दिवाळी अंकांच्या गर्दीत एका छापखान्यात याचा पुरेपूर प्रत्यय आला. संपादकांची कार्यालये तेथील सर्व्हरवर पानांच्या पीडीएफ चढवत असत आणि साधे एफटीपी वर्षानुवर्षे विनातक्रार चालत होते. हंगामाच्या तोंडावर कोणीतरी योग्य विचार करून एन्क्रिप्शन, म्हणजे एफटीपीएस, सुरू केले आणि त्या दिवसापासून सगळीकडे यादी अडकू लागली. मग प्रमाणपत्र बदलले गेले, पासवर्ड बदलले गेले, सर्व्हर अनेकदा रीस्टार्ट झाला आणि अर्थातच त्याची फायरवॉलही बंद केली गेली. लॉग, म्हणजे सर्व्हरशी झालेल्या देवाणघेवाणीची नोंद, मात्र कोणी वाचला नव्हता. त्यात सर्व्हरच्या २२७ क्रमांकाच्या उत्तरापुढे सहा आकडे स्पष्ट दिसत होते: १९२, १६८, १, २०, १९५, ८०. पहिले चार म्हणजे सर्व्हरचा पत्ता आणि शेवटचे दोन म्हणजे पोर्ट. १९५ गुणिले २५६ अधिक ८०, म्हणजे ५००००. हा पत्ता छापखान्याच्या अंतर्गत नेटवर्कमधला, बाहेरच्या माणसाला निरुपयोगी. कार्यालयांतील फाइलझिला या एफटीपी प्रोग्रॅमने तर लॉगमध्ये लिहूनच ठेवले होते, की सर्व्हरने दिलेला पत्ता बाहेरून पोहोचण्याजोगा नाही, म्हणून मूळ पत्ता वापरत आहे. पण लॉगची चौकट 'उगीच जागा अडवते' म्हणून मिटवून ठेवलेली होती.

मग आधी कसे चालत होते? साध्या एफटीपीत राउटर हे उत्तर वाचून आतला पत्ता खोडायचा, तेथे आपला सार्वजनिक पत्ता घालायचा आणि सांगितलेले पोर्ट तेवढ्यापुरते उघडायचा. एन्क्रिप्शन आल्यावर त्याला काही वाचताच येईना. फाइलझिलाने पत्ता सुधारून घेतला तरी पोर्ट बंदच राहिले. उपाय अगदी साधा होता: सर्व्हरच्या पॅसिव्ह मोडच्या (ज्यात दुसरी जोडणीही वापरणाऱ्याच्या बाजूनेच उघडते) सेटिंगमध्ये सार्वजनिक पत्ता भरला, पोर्टची मर्यादा ५०००० ते ५००५० अशी ठरवली, तेवढीच पोर्ट राउटरवर सर्व्हरकडे फॉरवर्ड केली आणि फायरवॉल पुन्हा चालू करून तिच्यात २१ आणि तेवढ्यांनाच परवानगी दिली. ही मर्यादा मी नेहमी छोटी ठेवतो आणि चिठ्ठीवर लिहून राउटरलाच चिकटवतो. हजारो पोर्ट सरसकट उघडणे हा निव्वळ आळस आहे.

एका कार्यालयाची अडचण तरीही सुटली नाही, कारण तेथील फायरवॉल बाहेर जाण्यासाठी फक्त ८० आणि ४४३ ही वेबसाइटची पोर्ट सोडत होती. अशा वेळी नवशिके मोबाइलचा हॉटस्पॉट लावून काम उरकतात किंवा लपूनछपून व्हीपीएन टाकतात आणि नंतर नेटवर्क सांभाळणाऱ्याचे शिव्याशाप खातात. सर्व्हरचा पत्ता, २१ क्रमांक आणि पोर्टची ठरलेली मर्यादा एवढे तीन तपशील देऊन रीतसर परवानगी मागावी. नुसते 'एफटीपी चालू करा' असे लिहिले, तर तो फक्त २१ उघडेल आणि तुम्ही पुन्हा यादीपाशीच अडकाल.

पॅसिव्ह चालत नाही म्हणून अ‍ॅक्टिव्ह मोड लावणे व्यर्थ आहे. त्यात सर्व्हरच तुमच्याकडे जोडणी करू पाहतो आणि तुमचा राउटर ती अडवतो.

सर्व्हरची चाचणी तो जेथे आहे तेथल्याच वायफायवरून घेऊ नये; ती मोबाइल डेटावरून घ्यावी.

राउटरला मिळालेला पत्ता १००.६४ ते १००.१२७ या पट्ट्यातला असेल, तर एकच सार्वजनिक पत्ता अनेक ग्राहकांत वाटलेला आहे असे समजावे. तेथे पोर्ट फॉरवर्डिंगचा उपयोग नाही. इंटरनेट देणाऱ्याकडे स्वतंत्र पत्ता मागावा.

विंडोजचे शेअर केलेले फोल्डर बाहेरून दिसावे म्हणून ४४५ क्रमांकाचे पोर्ट इंटरनेटला कधीही उघडू नये. मे २०१७ मध्ये वॉनाक्राय हा खंडणी मागणारा व्हायरस याच वाटेने पसरला होता.

नव्याने मांडणी करायची असेल, तर मी सरळ एसएफटीपी निवडतो: एकच जोडणी, सहसा २२ क्रमांकाचे पोर्ट. नाव सारखे वाटले तरी त्याचा एफटीपीएसशी संबंध नाही. फक्त ४४३ उघडे असेल, तर ब्राउझरमधून एचटीटीपीएसने फाइल घेणारी सोय बरी.

आणि मोठी फाइल शंभर टक्के चढूनही शेवटी टाइमआउट आला, तर ती लगेच पुन्हा पाठवू नये. फाइल जात असताना आज्ञांची जोडणी शांत असते आणि काही फायरवॉल अशी निष्क्रिय जोडणी मध्येच तोडतात. आधी सर्व्हरवरचा फाइलचा आकार आपल्याकडच्या आकाराशी ताडून पाहावा. पुष्कळदा ती पूर्ण पोहोचलेली असते.