थंडीतले दोन दिवस पुण्यात: आधी हॉकीचा सामना, मग मिसळ

डिसेंबर-जानेवारीत दोन दिवसांसाठी पुण्यात येणाऱ्या जोडप्यांना जो सल्ला मिळतो, तो बहुधा खाण्याच्या ठिकाणांची लांबलचक यादी असतो. ज्यांना हॉकी पाहायची आहे त्यांनाही हेच सांगितले जाते, की आधी पेठांमध्ये खाऊन-फिरून घ्या आणि वेळ उरला तर मैदानावर जा. हा क्रम उलटा आहे. मिसळ रोज सकाळी मिळते, भाकरी रोज संध्याकाळी मिळते. चांगला सामना मात्र ठरलेल्या दिवशी, ठरलेल्या वेळीच असतो. मी खडकीत वाढले, हॉकी बघतच मोठी झाले, आणि घरी येणाऱ्या कितीतरी जोडप्यांसाठी हा बेत आखला आहे. त्या अनुभवावरून सांगते, की सामना आधी पक्का करावा आणि खाणे त्याच्याभोवती बसवावे.

तारीख ठरवण्यासाठी हॉकी इंडिया आणि राज्य संघटनेची वेळापत्रके पाहावीत. पुण्यात हॉकीचे मोठे सामने पाहायचे तर पिंपरीजवळच्या नेहरूनगरमधले मेजर ध्यानचंद स्टेडियम गाठावे लागते. डिसेंबर २०२१ मध्ये वरिष्ठ पुरुषांची राष्ट्रीय स्पर्धा याच मैदानावर झाली होती. निवड करता येत असेल तर अंतिम सामन्यापेक्षा उपांत्यपूर्व फेरीचा दिवस निवडावा, असे माझे ठाम मत आहे. त्या दिवशी चार सामने असतात, आठ चांगले संघ खेळताना दिसतात आणि हरणारा घरी जाणार असल्यामुळे कोणीही हात राखून खेळत नाही. प्रवेशाची व्यवस्था स्पर्धेनुसार बदलते, म्हणून तीही वेळापत्रकाबरोबरच पाहून घ्यावी. डिसेंबरात सवाई गंधर्व महोत्सवाच्या दिवसांत राहण्याच्या जागा लवकर भरतात, हेही लक्षात ठेवावे.

मुक्काम मेट्रोच्या स्थानकापासून चालत जाण्याच्या अंतरावर, शिवाजीनगर ते मंडई या पट्ट्यात घ्यावा. सामना शनिवारचा असेल तर मुंबईहून येणाऱ्यांनी शुक्रवारी संध्याकाळची डेक्कन क्वीन पकडावी आणि रात्री लवकर झोपावे.

आता सामन्याचा दिवस. सगळा बेत इथेच बिघडतो आणि माझाही बिघडला होता. लग्नानंतरच्या पहिल्या हिवाळ्यात मी नवऱ्याला नेहरूनगरला घेऊन गेले. सकाळी मिसळीसाठी पाऊण तास रांगेत उभे राहिलो, मग जुन्या मुंबई-पुणे रस्त्यावर वाहनांच्या गर्दीत अडकलो आणि पोहोचलो तेव्हा चारपैकी दुसरे सत्र संपत आले होते. मी त्याला मधल्या रेषेसमोरच्या सर्वांत वरच्या पायरीवर बसवले, कारण तिथून सगळे मैदान दिसते असे मी लहानपणापासून ऐकत आले होते. ऊन थेट डोळ्यांवर येत होते. थोड्याच वेळात पेनल्टी कॉर्नरवर, म्हणजे बचाव करणाऱ्यांच्या फाऊलमुळे मिळणाऱ्या गोलच्या संधीवर, गोल झाला, आजूबाजूचे लोक ओरडत उठले आणि नवऱ्याने मला विचारले, "चेंडू गेला कधी?" ज्या खेळावर माझे इतके प्रेम आहे, तो माझ्या माणसाला मी नीट दाखवू शकले नाही, याचे मला फार वाईट वाटले. पुढे जे सांगते आहे ते सगळे त्या एका प्रश्नातून आले आहे.

पहिली गोष्ट न्याहारीची. सामन्याच्या सकाळी मिसळ खाऊ नये आणि दुपारचा सामना असेल तर आधी थाळीही जेवू नये. तर्रीदार मिसळीनंतर पाणी-पाणी होते, आणि भरल्या पोटी उन्हात बसले की डोळे मिटायला लागतात. पोहे किंवा उपमा आणि अमृततुल्यचा चहा एवढे पुरे. पिशवीत भाजलेले शेंगदाणे, गुळाची चिक्की आणि पाण्याच्या दोन बाटल्या ठेवाव्यात. मैदानाजवळ काहीतरी मिळेलच या भरवशावर राहू नये.

दुसरी गोष्ट प्रवासाची. गाडीने जाऊ नये. मंडई किंवा कसबा पेठ स्थानकातून पिंपरीकडे जाणारी मेट्रो पकडून संत तुकारामनगरला उतरावे आणि तिथून रिक्षा करावी. सप्टेंबर २०२४ मध्ये स्वारगेटपर्यंतचा भुयारी मार्ग सुरू झाल्यापासून पेठांमधून नेहरूनगरला जाणे खरोखर सोपे झाले आहे. शिवाजीनगरनंतर गाडी जमिनीवर येते आणि थोड्याच वेळात खडकी लागते. धनराज पिल्ले याच खडकीचा. चार ऑलिंपिक आणि चार विश्वचषक खेळलेला हा माणूस १९९८ मध्ये बँकॉकच्या आशियाई स्पर्धेत कर्णधार होता आणि भारताने तिथे ३२ वर्षांनंतर हॉकीचे सुवर्णपदक जिंकले. सोबतच्या माणसाला ही गोष्ट सांगायची तर खडकी मागे पडत असतानाच सांगावी, कारण खिडकीतून दिसणारी ती साधी घरे आणि झाडे त्यानंतर वेगळी दिसतात.

तिसरी आणि सर्वांत महत्त्वाची गोष्ट बसण्याच्या जागेची. मधल्या रेषेसमोर वर बसण्याचा सल्ला मुळीच ऐकू नये. हॉकीचे मैदान ९१.४० मीटर लांब असते, चेंडू मुठीएवढा असतो, आणि ज्याने हा खेळ फारसा पाहिलेला नाही त्याला तिथून फक्त धावणारी माणसे दिसतात. बाजूच्या पायऱ्यांवर, गोलरेषेपासून २३ मीटरवरच्या रेषेच्या आसपास, चौथ्या-पाचव्या पायरीवर बसावे. तिथून डीचा, म्हणजे गोलसमोरच्या अर्धवर्तुळाचा, माथा आणि गोल एकाच नजरेत येतात, स्टिकला स्टिक लागल्याचे ऐकू येते आणि गोलरक्षक आपल्या बचावपटूंना ओरडून काय सांगतो आहे तेही कळते. ऊन पाठीवर येईल अशी बाजू निवडावी. आपण ज्या संघाच्या बाजूने आहोत तो ज्या गोलवर चढाई करणार आहे, त्या टोकाला बसावे, आणि दोन सत्रांनंतर संघ बाजू बदलतात तेव्हा शक्य असल्यास आपणही उठून दुसऱ्या टोकाला जावे. पहिला सामना सकाळचा असेल तर स्वेटर हवाच. दुपारी त्याच जागी टोपी लागते. टर्फवर पाणी मारले जाते तेव्हा अगदी पुढे बसू नये, वाऱ्याबरोबर तुषार अंगावर येतात आणि सकाळच्या गारठ्यात ते बोचतात.

सोबतच्या माणसाला हॉकी नवी असेल तर नियमांचे पाठ देऊ नयेत. सामना १५ मिनिटांच्या चार सत्रांचा असतो, चेंडू पायाला लागला तर फाऊल होतो आणि फुटबॉलसारखा ऑफसाइड इथे नसतो, एवढे सांगितले की पुरे. उरलेला सगळा वेळ पेनल्टी कॉर्नर समजावण्यात घालवावा, कारण गोल वारंवार तिथूनच येतात आणि नवख्या डोळ्यांना ते निसटतात.

पंचांनी पेनल्टी कॉर्नर दिला की पाच जण, म्हणजे गोलरक्षक आणि चार बचावपटू, गोलरेषेमागे गोळा होतात. बचावपटू घाईघाईने तोंडावर मुखवटे चढवतात, कुणी पट्टा ओढतो, कुणी हातमोजा नीट करतो. हा काही सेकंदांचा वेळ मला सगळ्या सामन्यात सर्वांत प्रिय आहे. त्यांचे उरलेले सहा साथीदार मधल्या रेषेपलीकडे अडकलेले असतात. चढाई करणाऱ्यांपैकी एक जण गोलखांबापासून किमान १० मीटर अंतरावरून चेंडू बाहेर ढकलतो, दुसरा तो डीबाहेर थांबवतो आणि तिसरा गोलवर सोडतो. नवखा प्रेक्षक ढकलणाऱ्याकडे बघतो आणि फसतो, कारण डोळ्याचे पाते लवेपर्यंत चेंडू डीच्या माथ्यावर पोहोचलेला असतो. म्हणून नजर आधीपासूनच थांबवणाऱ्याच्या जमिनीलगत टेकवलेल्या स्टिकवर ठेवावी. चेंडू तिथे येऊन थांबेल आणि तिथूनच सुटेल. पहिला फटका जोरात मारलेला असेल तर गोलरेषेवर तो ४६० मिलिमीटरपेक्षा उंच असून चालत नाही; तो खालच्या फळीवर आदळतो आणि तो 'ठक्' आवाज पायऱ्यांपर्यंत येतो. ड्रॅग-फ्लिकला, म्हणजे चेंडू स्टिकने ओढत नेऊन भिरकावण्याला, ही मर्यादा नसते, म्हणून त्या वेळी जाळीच्या वरच्या कोपऱ्याकडे लक्ष असावे. दुसऱ्या हिवाळ्यात मी नवऱ्याला एवढेच सांगितले होते, आणि तिसऱ्या पेनल्टी कॉर्नरला माझ्या आधी तो उठून उभा राहिला.

बाद फेरीत बरोबरी झाली तर शूटआउट होते आणि ते सोडून कधीही निघू नये. खेळाडू २३ मीटरच्या रेषेवरून एकटा निघतो, समोर एकटा गोलरक्षक असतो आणि हातात फक्त ८ सेकंद असतात.

संध्याकाळी पेठेत परतून पोटभर जेवावे. थंडीत बाजरीची भाकरी, पिठले, लोणी आणि ठेचा याला तोड नाही. पंजाबी भाज्या घरीही खाता येतात. दिवसभर शेंगदाण्यांवर काढलेला असतो, म्हणून ती भाकरी अधिकच गोड लागते. हुरडा खायची इच्छा जानेवारीत सगळ्यांनाच होते, पण त्यासाठी शहराबाहेर शेतावर अर्धा दिवस द्यावा लागतो आणि तो या दोन दिवसांत बसत नाही. त्यासाठी वेगळे यावे.

मिसळ रविवारी, आणि नऊच्या आत. नारायण पेठेतल्या बेडेकरांची मिसळ किंचित गोडसर असते आणि ब्रेडच्या स्लाइसबरोबर येते. कोल्हापूरकडच्या पाहुण्यांना मी हे आधीच सांगून ठेवते, म्हणजे ते तिची तुलना आपल्या घरच्या मिसळीशी करत बसत नाहीत. तिथून चालत तुळशीबाग आणि महात्मा फुले मंडई करावी. मंडईत थंडीच्या दिवसांत पावटा, हरभऱ्याच्या जुड्या आणि महाबळेश्वरच्या स्ट्रॉबेरी आलेल्या असतात, आणि विकत काहीही घ्यायचे नसले तरी तासभर सहज जातो. दुपारी ऊन तापले की सदाशिव पेठेत एक मस्तानी दोघांत मिळून घ्यावी. थंडीत ती पिऊ नये हे म्हणणे मला पटत नाही, डिसेंबरातही दुपारी पुण्यात अंगावर स्वेटर राहत नाही. बाकरवडी सर्वांत शेवटी, गाडीला निघताना बाजीराव रस्त्यावर घ्यावी आणि डबा सामानाच्या वरच ठेवावा, कारण लोणावळ्याच्या आत तो उघडावा लागतो.