दुसऱ्या मॉडेलचा रेडिएटर जीपला बसवताय? या चुका टाळा

चोर्ल्याचा घाट उतरताना कुठलीच गाडी तापत नाही. परीक्षा असते परत येताना. गोव्यातल्या केरीकडून बेळगावच्या दिशेनं चढायला लागलं की गाडी दुसऱ्या गिअरवर, वेग वीस-पंचवीस, इंजिनवर पूर्ण भार, आणि दुपारचा वारा पश्चिमेचा, म्हणजे पाठीमागून. जाळीतून आत शिरणारी हवा नावालाच. याच चढावर काही वर्षांपूर्वी माझ्या जुन्या जीपचा काटा लाल पट्ट्यात जाऊन बसला. बोलेरोचा मोठा रेडिएटर बसवून तेव्हा जेमतेम आठ दिवस झाले होते. जुन्या, अर्धवट चोंदलेल्या रेडिएटरवर हीच गाडी हाच घाट रडतखडत का होईना, चढत होती.

मोठा रेडिएटर आणि जास्त ताप, हे गणित मला तेव्हा कळलं नाही. आता कळतं, म्हणून हे लिहितोय.

मूळ आजार न बघता रेडिएटरवर घाव

आपल्याकडे गाडी तापली की पहिला संशय रेडिएटरवर. गॅरेजच्या दारात पोरगा कन्नडमध्ये ‘गाडी बिसी आगतैत्री’ (गाडी तापतेय) म्हणतो आणि आतून आवाज येतो, ‘मोठा रेडिएटर टाक की.’ त्याआधी गाडी कधी तापते ते बघा. ट्रॅफिकमध्ये, चिखलात, सावकाश चढताना तापते आणि हायवेला काटा खाली येतो, तर दोष हवेचा आहे : फॅन, बेल्ट, काऊल (फॅनभोवतीचं कडं), मातीनं भरलेली जाळी. उलट गावात ठीक, पण निपाणीकडं जाताना हायवेला वेग ऐंशीच्या पुढे गेला की काटा चढत जातो, तर दोष पाण्याच्या फिरण्याचा : आतून चोंदलेला कोर (रेडिएटरचा नळ्या-पाकळ्यांचा मधला भाग), झिजलेला वॉटर पंप, किंवा आत ओढली जाऊन चपटी होणारी खालची होज (रबरी पाइप). वरचा पाइप चटका देतोय आणि खालचा बऱ्याच वेळानंही गार, तर थर्मोस्टॅट (पाणी तापल्यावर रेडिएटरची वाट उघडणारी झडप) अडकलाय किंवा कोर बंद झालाय. आणि थंड गाडीचं झाकण काढून इंजिन चालू केल्यावर पाण्यात सतत बुडबुडे येत राहिले, तर रेडिएटरचे पैसे खिशातच ठेवा. हेड गॅस्केट, म्हणजे इंजिनचं हेड आणि ब्लॉक यांच्यामधलं पॅकिंग, गेलंय. कुठलाही रेडिएटर ते बरं करणार नाही.

फक्त लांबी-रुंदी मोजणं

‘जाळीमागं बसला की झालं’ हा मोजमापाचा नियम नव्हे. समोरचं क्षेत्रफळ महत्त्वाचं आहेच, पण बरेच जण जाडीवर भुलतात. नळ्यांच्या तीन-चार ओळींचा जाड कोर दिसायला दणकट. मात्र मागच्या ओळींपर्यंत पोचणारी हवा पुढच्या ओळींनी आधीच तापवलेली असते, आणि जाडी वाढली की फॅनला ती हवा ओढायला जोर लागतो. कमी जाडीचा, जास्त रुंद-उंच कोर बहुतेक वेळा सरस ठरतो.

पाकळ्या, म्हणजे फिन, किती दाट आहेत तेही बघा. शहरी गाडीचा दाट फिनचा कोर खानापूरच्या लाल चिखलात दोन रविवारात भरतो. पावसाळा संपल्यावर माळावरच्या गवताची कुसळं आणि गळीत हंगामात उसाच्या पाचटाचा चुरा अशा फिनमध्ये जाऊन बसतो. तो वरून दिसत नाही. धुवायचा तर मागून पुढे, म्हणजे इंजिनच्या बाजूनं, साध्या पाण्याच्या धारेनं. प्रेशर वॉशर जवळून मारलात तर फिन लोळतील.

आणखी एक गैरसमज सीसीचा. ‘माझं इंजिन लहान, मग लहान रेडिएटर चालेल.’ जुन्या एमएम ५४० मध्ये प्यूजोचं २,११२ सीसीचं इनडायरेक्ट इंजेक्शनचं डिझेल इंजिन यायचं. नंतरचं एमडीआय २,५२३ सीसीचं, डायरेक्ट इंजेक्शनचं. इनडायरेक्ट इंजिनात जळणाची सुरुवात हेडमधल्या छोट्या खोलीत होते, त्यामुळे त्याच ताकदीला ते पाण्यात जास्त उष्णता टाकतं. म्हणून सीसी कमी असली तरी पाण्याचं काम कमी नसतं.

काऊल काढून फेकणं : माझी चूक

फॅनभोवती पत्र्याचं किंवा प्लास्टिकचं कडं असतं, त्याला गॅरेजमध्ये काऊल म्हणतात. माझ्या गाडीला नवा रेडिएटर बसला, पण जुनं काऊल त्याला बसेना. मिस्त्री म्हणाले, ‘अण्णा, मोठा रेडिएटर आहे, कडं नसलं तरी चालतंय की ओ.’ मला पटलं, कारण पटवून घ्यायचं होतं. रविवारी ट्रेल ठरली होती.

आता हिशोब करा. १६ इंची फॅनचं वर्तुळ साधारण २०० चौरस इंच. २० बाय १८ इंचाचा कोर ३६० चौरस इंच. काऊल नसेल तर फॅन आपल्यासमोरच्या वर्तुळातूनच हवा ओढतो, तीही पूर्ण नाही. पात्यांच्या टोकांवरून गरम हवा वळसा घालून पुन्हा पुढे येते. म्हणजे मोठ्या रेडिएटरचा जवळजवळ अर्धा भाग घाटात नुसता शोभेला. हायवेला वाऱ्याच्या जोरावर हे खपून जातं, म्हणून आठ दिवस मला काही कळलंच नाही.

शेवटी उद्यमबागेतल्या एका पत्र्याचं काम करणाऱ्याकडून काऊल बनवून घेतलं. पुठ्ठ्याचा साचा मी घरी कापून नेला होता, त्यामुळे काम अर्ध्या दिवसात उरकलं. बनवताना दोन गोष्टी सांभाळा. इंजिनवर चालणाऱ्या फॅनची पाती काऊलच्या गोलात निम्मी आत, निम्मी बाहेर असावीत. आणि फॅन व कोर यांच्यात निदान एक इंच मोकळं हवं, कारण ब्रेक मारताना आणि खड्ड्यात आपटताना इंजिन रबरांवर पुढे-मागे हलतं. इंजिनची माउंटिंगं जुनी असतील तर आधी ती बदला, मग अंतर मोजा.

हवेला आळशी माणसासारखी सोपी वाट लागते. जाळी आणि रेडिएटर यांच्यात बाजूला फटी राहिल्या, तर ती कोरमधून जायचं सोडून फटीतून निघून जाईल. नवा रेडिएटर अरुंद असेल तेव्हा हे हमखास होतं. फोमची किंवा रबराची पट्टी लावून फटी बुजवा. मधोमध विंच बसवलेली असेल तर तिनंही वाट अडवलेली असते, हे धरून चला.

झाकण, मान आणि बाटली

घाटातल्या त्या दिवशी काऊलबरोबर झाकणानंही दगा दिला होता, ते नंतर सापडलं.

बेळगाव समुद्रसपाटीपासून सुमारे ७५० मीटरवर. इथं उघड्या भांड्यात पाणी ९७-९८ अंशांनाच उकळतं. गाडीचं पाणी त्यापुढे शांत राहतं ते झाकणानं धरलेल्या दाबामुळे. ०.९ बारचं झाकण नीट बसलं तर उकळबिंदू ११५ च्या पुढे जातो. जुन्या जीपच्या पितळी टाकीला मात्र अशा झाकणाची सवय नाही. तिथं सात पौंडाचं, म्हणजे साधारण ०.५ चं झाकण असतं. झाळलेल्या जुन्या टाकीवर ०.९ चं झाकण चढवलंत तर सांधे सुटतील. नव्या रेडिएटरवर जुनं हलकं झाकण ठेवलंत तर पाणी वेळेआधी उकळेल.

शिवाय मानेची, म्हणजे झाकण बसतं त्या तोंडाची, खोली वेगवेगळी असते. माझं झाकण वरून छान फिरून बसत होतं, पण त्याची रबरी चकती आतल्या बैठकीला टेकतच नव्हती. दाब शून्य. रेडिएटर घेतानाच त्याच्या मॉडेलचं नवीन झाकण घ्या, ही दोनशे-तीनशे रुपयांची गोष्ट आहे.

अलीकडच्या गाड्यांचे रेडिएटर बघताना आणखी सावध राहा. बऱ्याच नव्या रेडिएटरना वर झाकणच नसतं. दाबाचं झाकण असतं ते वेगळ्या, जाड प्लास्टिकच्या बाटलीवर, आणि ती बाटली अख्ख्या व्यवस्थेत सगळ्यात उंच असावी लागते. असा रेडिएटर आणून त्याला जुन्या जीपची पातळ ओव्हरफ्लो बाटली जोडलीत तर दाब धरणारं कुणीच उरत नाही. रेडिएटरबरोबर त्याची बाटलीही आणा, आणि ती बसवायला उंचीवर जागा आहे का ते आधी बघा.

होज, जोड आणि कोन

जुळणारी होज मिळाली नाही की सरळ होज वाकवून बसवतात. ती वाकणावर मुडपते. खालची होज पंपाच्या ओढीच्या बाजूला असते, म्हणून तिच्या आत मूळची स्प्रिंग असेल तर ती काढून टाकू नका. दोन वेगळ्या व्यासांच्या होज जोडायच्या तर पाइपच्या तोंडाला बारीक कड उठवून घ्या. गुळगुळीत पाइपावरून गरम होज घाटातच निसटते, घरासमोर कधीच नाही.

वॉटर पंपाचं तोंड आणि रेडिएटरचं तोंड विरुद्ध बाजूंना येत असतील तर होज फॅनसमोरून न्यावी लागते. तसं असेल तर तो रेडिएटर सोडा, दुसरा शोधा.

चेसिसला वेल्डिंग

ऑफरोडला ही चूक सगळ्यात महाग पडते. जुन्या जीपमध्ये रेडिएटर पुढच्या जाळीच्या चौकटीला बोल्ट केलेला असतो. ती चौकट खाली चेसिसवर रबर घालून टेकते आणि वरून दोन सळ्यांनी फायरवॉलला धरलेली असते. असं मुद्दाम केलंय. एक चाक दगडावर आणि दुसरं खड्ड्यात असताना चेसिस पिळते. रेडिएटरनं त्या पिळात सापडू नये. आपण अँगल मारून त्याचे पाय थेट चेसिसला वेल्ड करतो आणि जांबोटीच्या पुढच्या एखाद्या ओढ्यात टाकीचा सांधा उकलतो. अॅल्युमिनियमचा कोर आणि प्लास्टिकची टाकी असेल तर चिमटलेली कड सुटते, आणि ती रस्त्यात झाळता येत नाही. खाली दोन रबरी बुश, वर दोन सैल धरणाऱ्या पट्ट्या, बस्स.

किरकोळ वाटणाऱ्या गोष्टी

थर्मोस्टॅट काढून टाकू नका. ‘पाणी मोकळं फिरतंय’ म्हणून बरं वाटतं; पण इंजिन थंड चालतं, डिझेल जास्त खातं, आणि काही इंजिनांत उघडा राहिलेला बायपास पाण्याचा मोठा वाटा रेडिएटरला न नेताच परत फिरवतो.

इलेक्ट्रिक फॅन लावलात तर रिले आणि फ्यूज घालूनच लावा, आणि आपला अल्टरनेटर त्याला पुरतो का ते बघा. तारा उलट लागल्या तर फॅन उलटा फिरतो. फॅन चालू करून जाळीसमोर पेपरचं पान धरा. ते जाळीला चिकटलं पाहिजे.

टेम्परेचरचा सेन्सर मूळ गाडीचाच ठेवा. दुसऱ्या मॉडेलचा सेन्सर आटे जुळले म्हणून बसेल, पण तुमच्या मीटरला खोटं सांगेल.

बोअरचं पाणी घालू नका. आपल्याकडे बऱ्याच बोअरना क्षार भरपूर, वर्षभरात नळ्या पांढऱ्या होतात. डिस्टिल्ड पाणी आणि कुलंट निम्मं-निम्मं. रेडिएटर अॅल्युमिनियमचा असेल तर त्याला चालणारंच कुलंट. गळती थांबवायला हळद टाकायची जुनी ड्रायव्हरी युक्ती मीही एकदा वापरली आहे आणि गाडी तेवढ्यावर घरापर्यंत आली. पण घरी आल्यावर ती धुऊन काढायची असते. हळद भोक आणि नळी यांत फरक करत नाही.

ओढा ओलांडताना पाणी फॅनपर्यंत येणार असेल, तर बेल्टवरचा फॅन थांबवायची सोय करा. फिरती प्लास्टिकची पाती पाण्याच्या अडथळ्यानं पुढे वाकतात आणि कोर कापतात. आपण फॅन जवळ आणलेला असेल तर नक्कीच.

बसवल्यावर

पाणी भरताना गाडीचं नाक चढावर ठेवा, म्हणजे झाकण सगळ्यात वर येईल. इंजिन चालू ठेवून वरची होज हातानं दाबत राहा, हवा बाहेर येईल. थर्मोस्टॅट उघडला की पातळी एकदम खाली जाते. तेव्हा पुन्हा भरा. पूर्ण गार झाल्यावर एकदा बघा, दुसऱ्या दिवशी सकाळी आणखी एकदा, आणि तेव्हाच क्लिपाही आवळा. गरम झाकण उघडायचं नाही, आणि तापलेल्या इंजिनावर गार पाणी ओतायचं नाही. हेडला तडा जातो.

मग चाचणी. हायवेला नको, तिथं सगळे रेडिएटर पास होतात. कणकुंबीवरून चोर्ला उतरा, खाली चहा घ्या, आणि दुपारी वारा पाठीशी असताना दुसऱ्या गिअरवर वर या. काटा मधल्या खुणेच्या थोडा वर जाऊन थांबला तर जमलं. चढतच राहिला तर बाजूला घ्या, बंद न करता दोन-तीन मिनिटं किंचित वाढवलेल्या आयडलवर चालू ठेवा आणि काटा उतरतो का ते पाहा. उतरला तर घरी जाऊन पुन्हा काऊल आणि फटी तपासा. वाफ येत असेल किंवा पाणी संपलं असेल तर मात्र लगेच बंद करा.

जुना रेडिएटर पहिला महिनाभर भंगारात घालू नका. माझा अजून माळ्यावर आहे.