पोस्टफिक्स अडलंय? रांग पुसण्याआधी या चुका टाळा

नाशिकमधल्या सातपूर-अंबडच्या लहान कारखान्यांत ऑफिसच्या एखाद्या उबुंटू मशीनवरून, पोस्टफिक्स या मेल पाठवणाऱ्या प्रोग्रॅममार्फत कोटेशन, बिलं, बॅकअपचे रिपोर्ट जात असतात. मेल जाईनासे झाले की आधी रीस्टार्ट मारला जातो आणि त्यानेही भागलं नाही की ‘पोस्टसुपर -डी ऑल’, म्हणजे रांगेतले सगळे मेल पुसणारी कमांड. सगळ्यात महागात पडते ती हीच चूक. रांगेत अडकलेली ग्राहकांची कागदपत्रं एकदा पुसली की गेली. खरं तर पोस्टफिक्स स्वतःच पुन्हा पुन्हा प्रयत्न करतं आणि मूळ सेटिंगप्रमाणे मेल 5 दिवस सांभाळतं. घाई कशाला?

आधी ‘मेलक्यू’ ही रांग दाखवणारी कमांड चालवा. अडलेल्या मेलखाली कंसात कारण दिसतं. मग लॉग वाचा. ‘डिफर्ड’ आणि 4 ने सुरू होणारा कोड म्हणजे अडचण तात्पुरती. ‘बाउन्स्ड’ आणि 5 म्हणजे साफ नकार.

कुठेही पाठवलं तरी पोर्ट 25 वर ‘कनेक्शन टाइम्ड आउट’ येत असेल, तर पोस्टफिक्सची सेटिंगची फाइल, मेन डॉट सीएफ, उकरत बसू नका. बरेच इंटरनेट प्रोव्हायडर हे पोर्ट बंदच ठेवतात. मेल सेवेचा सर्व्हर ‘रिलेहोस्ट’मध्ये (ज्याच्यामार्फत मेल पुढे जातात, त्या सर्व्हरची सेटिंग) 587 पोर्टसह लिहा. इथे हमखास एक गोष्ट राहते: पासवर्डची फाइल बदलली जाते, पण तिच्यावर ‘पोस्टमॅप’ (पोस्टफिक्स प्रत्यक्ष वाचतं ती प्रत नव्याने बनवणारी कमांड) चालवलं जात नाही. मग जुनाच पासवर्ड जात राहतो आणि दोष मात्र प्रोव्हायडरला.

पुण्या-मुंबईच्या ग्राहकांना मेल जातात, पण आपल्याच कंपनीतल्या माणसाला पाठवला की ‘युजर अननोन’? मेलबॉक्स बाहेरच्या सेवेकडे असूनही कंपनीचं डोमेन ‘मायडेस्टिनेशन’मध्ये (ज्या डोमेनचे मेल याच मशीनवर ठेवायचे, त्यांची यादी) लिहिलेलं असणार. पोस्टफिक्स त्या माणसाला याच मशीनवर शोधतं. डोमेन तिथून काढा.

‘रिले अ‍ॅक्सेस डिनाइड’ दिसलं म्हणून ‘मायनेटवर्क्स’ (या सर्व्हरमार्फत बाहेर मेल पाठवायची मुभा असलेल्यांची यादी) साऱ्या जगाला उघडं करू नका. कळकळीने सांगतो, असा सर्व्हर स्पॅमवाल्यांच्या हाती लागायला वेळ लागत नाही. मग आपला आयपी काळ्या यादीत जातो आणि खरी बिलंही परत येऊ लागतात. तिथे फक्त ऑफिसचं नेटवर्क लिहा.

बदल केल्यावर ‘पोस्टकॉन्फ -एन’ ही मेन डॉट सीएफमधली सेटिंग्ज दाखवणारी कमांड चालवून पाहा. मेन डॉट सीएफमध्ये ओळीच्या सुरुवातीला चुकून स्पेस पडली, तर ती ओळ आधीच्या सेटिंगलाच चिकटते. डोळ्यांना दिसत नाही, इथे कळतं. मग पोस्टफिक्स रीलोड करून एकदाच ‘पोस्टक्यू -एफ’ (रांगेतले मेल लगेच पुन्हा पाठवून बघणारी कमांड) द्या आणि लॉग उघडा ठेवून ‘सेंट’ येतंय का बघा.